देवाच्या पाहुण्यांबाबत सुधारित नियमावली

"नान झकास आहे, पण बाई बेकायदा आहे," अकिमसाहेब घास चावता चावता पुटपुटले.

ते कुणाला उद्देशून बोलले नव्हते. मी चहा ओतत होते, आणि चहा ओतणारीला कान असतात ही गोष्ट आमच्या कचेरीने अजून विचारात घेतलेली नाही.

"आणि आता म्हणे तिला दिवस गेलेत. ऐन गारठ्यात बाळंत होणार. माझ्याच कारकिर्दीत व्हायचं होतं हे!"

अकिम म्हणजे गावचा कारभारी. रस्त्यावरचा बर्फ, नळाचं पाणी, मोकाट कुत्री आणि वरून येणारे फोन हे सगळं त्याच्या अंगावर. आमचे सेरिकबोल अकिम तसे वाईट नव्हते, आणि सगळी अडचण तिथेच होती. वाईट असते तर त्यांना काय करायचं ते लगेच कळलं असतं. फार चांगले असते तरी कळलं असतं. ते आपल्यासारखे होते, म्हणून त्यांना जेवण पचत नव्हतं.

बाई म्हणजे ओयदिन. बाजाराच्या कोपऱ्यावर तिचा तंदूर होता. आमच्या तुझबुलाक गावापासून सरहद्द इतकी जवळ, की पलीकडचा कोंबडा आरवला की अलीकडच्या बायका चूल पेटवतात. ओयदिन त्या पलीकडून आली, ती जुना पूल वाहून जायच्याही आधी. आली तेव्हा तिच्याकडे राहण्याचा परवाना होता. पुढे परवान्याची मुदत संपली, पण गावाची भूक काही संपली नाही, म्हणून ती नान भाजत राहिली. तिचा नवरा नोरमत गवंडी. गावाच्या नव्या सांस्कृतिक भवनाची भिंत तोच बांधत होता. हे दोघं आणि त्यांच्यासारखेच मुदत संपलेले आणखी काही जण लोकर धुण्याच्या बंद गिरणीत राहायचे. पहिल्याच बर्फात गिरणीचं छप्पर बसलं.

त्या दिवशी वरून दोन फोन आले. सकाळच्या फोनने बजावलं की विनापरवाना माणसाला कसलीही मदत करायची नाही, आणि असा माणूस माहीत झाला तर नावानिशी कळवायचा, त्याला पलीकडे पोचवण्यात येईल. दुपारच्या फोनने बजावलं की यंदा थंडीने एकही माणूस दगावता कामा नये, दगावला तर अकिम व्यक्तिशः जबाबदार. दोन्ही फोन एकाच माणसाचे होते. आवाजसुद्धा सारखाच काळजीचा होता.

अकिमसाहेबांनी कायदा सल्लागार तालापबेक यांना बोलावलं. तालापबेक पन्नाशीचे, टापटिपीचे गृहस्थ. कुठलाही प्रश्न समोर आला की ते आधी चष्मा पुसतात आणि मग प्रश्नच पुसून टाकतात.

"त्यांना शाळेच्या तळघरात झोपू दिलं तर?" साहेबांनी विचारलं.

"तो निवारा झाला साहेब. निवारा म्हणजे मदत."

"नुसती शेगडी दिली तर?"

"शेगडीभोवती माणसं बसतात. म्हणजे पुन्हा निवारा."

"मग काय, पाठवून द्यायचे पलीकडे?"

तालापबेक दचकले. "अहो, भवनाचं उद्घाटन वसंतात आहे! भिंत कोण बांधणार? आणि नान?" त्यांनी साहेबांच्या ताटलीकडे पाहिलं. साहेबांनी ताटली जवळ ओढली.

"म्हणजे ठेवायचं नाही आणि घालवायचंही नाही."

"एवढंच करायचं आहे," तालापबेक म्हणाले.

तेवढ्यात दार न वाजवता उल्बोसिन आपा आत आल्या. चार मुलींच्या पाठीवर झाल्या म्हणून आईबापांनी त्यांचं नाव उल्बोसिन, म्हणजे 'मुलगा होवो', असं ठेवलेलं. मुलगा न होण्यापलीकडे त्यांनी कुणाची कसलीही निराशा केलेली नाही, आवाजाच्या बाबतीत तर नाहीच. आज्यांच्या मंडळाच्या त्या अध्यक्ष. मंडळाच्या खोलीतली शेगडी धूर ओकते ही त्यांची तक्रार होती, पण साहेबांचा चेहरा बघून त्यांनी ती बाजूला ठेवली.

"काय रे बाळा, असा का बसलायस? पोट बिघडलं?"

साहेबांनी सगळं सांगितलं. आपा हसल्या. "हात्तिच्या! दारात आलेल्याला नाव विचारायची रीत आहे का आपल्यात? देवाचा पाहुणा तो. तीन दिवस खाऊ घाल, अंथरूण घाल, तोंडातून प्रश्न म्हणून काढू नकोस. माझ्या सासऱ्यांनी त्यांचाच घोडा चोरणाऱ्याला तीन दिवस मटण वाढलं होतं. कोण, कुठला हे चौथ्या दिवशी विचारायचं."

"मग? काय म्हणाला तो?"

"काय म्हणणार, तिसऱ्या दिवशीच गेला. दुसरा घोडा घेऊन."

साहेब हसले. तालापबेक हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला. "तिसऱ्या दिवशीच गेला," ते हळूच म्हणाले. "म्हणजे विचारायची वेळच आली नाही. म्हणजे माहीतच झालं नाही. म्हणजे कळवायचा प्रश्नच नाही!"

अशा रीतीने 'देवाचा पाहुणा' उपक्रम जन्माला आला. मदतीला पैसा नव्हता, पण परंपरा जतन करायला भरपूर होता. तो दर वर्षी उरायचा आणि त्यातून रंगमंचाचे पडदे यायचे. नियमावली मीच टाइप केली. तिच्यात असं होतं की गावातल्या प्रत्येक घराने आळीपाळीने देवाचा पाहुणा ठेवून घ्यावा, तीन दिवस त्याला मानाच्या जागी बसवावं, नाव, गाव आणि कारण विचारू नये. आणि चौथा दिवस उजाडण्याआधी पाहुण्याने आपल्या राजीखुशीने पुढच्या घरी जावं. पुढच्या घरी तो पुन्हा नवा पाहुणा. गावात घरं भरपूर होती. ती संपली की पहिल्यापासून.

गावाने उपक्रम मनापासून उचलून धरला, हे इथे नमूद केलं पाहिजे. रजया बाहेर आल्या. अडगळीतले चहाचे समोवार घासले गेले. फौजदार कुआनिश, ज्यांचं कामच मुळी लोकांना नावं विचारायचं, त्यांनी पहिले दोन पाहुणे स्वतःच्या घरी नेले. "कायदा दाराबाहेर," ते छाती फुगवून म्हणाले, "दाराच्या आत मी कझाक आहे."

मानाच्या डोक्याचा तेवढा घोळ झाला. मेंढीचं उकडलेलं डोकं पाहुण्यापुढे ठेवावं ही रीत, पण ज्याचा बाप हयात आहे त्याने ते कापू नये हीही रीत. आणि बाप हयात आहे का हे विचारणं म्हणजे चौकशी. तेव्हा डोकं ठेवण्यात यावं, कापण्याचा आग्रह करण्यात येऊ नये, अशी दुरुस्ती निघाली. घरोघरी मेंढीचं डोकं जेवणासाठी अंथरलेल्या दस्तरखानाच्या मधोमध बसून पाहुण्याकडे बघत राहायचं आणि पाहुणा त्याच्याकडे.

खरी पंचाईत नावांची. ओयदिनला गावातलं शेंबडं पोरसुद्धा नावाने ओळखायचं. पण नाव माहीत आहे म्हटलं की कळवणं आलं. म्हणून शाळेच्या सभागृहात 'माहीत नसण्याची पद्धत' या विषयावर तालापबेकांनी शिबिर घेतलं. ओळखीची व्यक्ती समोर आली तर नजर तिच्या कपाळाच्या किंचित वर ठेवावी. नाव ओठांवर आलंच तर खोकावं. त्या हिवाळ्यात गाव इतकं खोकलं की डॉक्टर रौशानना साथ आल्यासारखं वाटलं.

"ओय... खॉक् खॉक्... पाहुणीबाई, दोन नान द्या."

"आज नान नाही," ओयदिन म्हणाली. ती तंदूरपाशी हात बांधून उभी होती. सातवा महिना सरत आला होता. "मी पाहुणी आहे ना? काल फौजदारीणबाईंनी माझ्या हातातलं लाटणं काढून घेतलं. म्हणाल्या, आमच्या घरची पाहुणी राबली तर लोक आमच्या तोंडात शेण घालतील."

बाई चुकीचं बोलत नव्हती. पाहुण्याला कामाला लावणारं घर आमच्याकडे नावाला काळिमा लावून घेतं. नोरमतलाही कुणी वीट उचलू देईना. तो मानाच्या जागी मांडी घालून बसायचा, पाठीला उशा, पुढ्यात डोकं, आणि खिडकीतून आपली अर्धी भिंत बघायचा. "माझा कालवलेला गारा गोठला हो," एवढंच तो म्हणायचा. आठवड्याभरात गावातला नान संपला. गावच्या बायकांनी स्वतः भाजायचा प्रयत्न केला. त्यावर मी काही बोलणार नाही, मीही त्यांच्यात होते.

भुकेल्या लोकांचा मोर्चा कचेरीवर आला. साहेबांनी तालापबेकांकडे पाहिलं. तालापबेकांनी चष्मा पुसला.

"आपा," त्यांनी उल्बोसिन आपांना विचारलं, "पाहुणा जेवल्यावर यजमान त्याच्याकडे काय मागतो?"

"गाणं," आपा म्हणाल्या. "पाहुण्याने एक तरी गाणं म्हणावंच. नाही येत म्हणाला तर पोरीबाळी त्याची टिंगल करतात."

"आणि ज्याला गाता येत नाही, त्याने जी कला येते ती दाखवली तर?"

"तर काय, चालतं की. माझ्या लग्नात एकाने कान हलवून दाखवले होते."

दुसऱ्या दिवशी सुधारणा निघाली. पाहुण्याने आपल्या हौसेने सादर केलेली कोणतीही कला 'गाणं' या सदरात मोडेल. त्यात कणीक मळणं, नान भाजणं, विटा रचणं, गिलावा करणं, गोठा साफ करणं इत्यादी कला येतील. आणि अर्थात, पाहुण्याला गाण्याचे पैसे देणं हा त्याचा अपमान असल्याने तसं कुणी करू नये. मनापासून दाद द्यावी.

आमचं गाव दाद द्यायला कधी मागे हटलेलं नाही. तंदूरपाशी रांग लागायची, ओयदिन वाकून भिंतीला नान चिकटवायची, काढायची, आणि रांगेतून "वाहवा!" उठायची. लोक नान घेऊन टाळ्या वाजवत घरी जायचे. भवनापाशी तर खुर्च्याच मांडल्या. नोरमतने कोपरा सरळ साधला की म्हातारे मान डोलवायचे. "काय गळा आहे!" असं एकजण म्हणाला, मग त्याच्या लक्षात आलं आणि "काय ओळंबा आहे!" असं त्याने सुधारून घेतलं.

नोरमत एकदा कचेरीत आला. टोपी हातात. "साहेब, टाळ्या फार छान वाजवतात लोक. पण बायकोला गरम बूट घ्यायचेत. दुकानदार टाळ्या घेत नाही."

साहेबांचा चेहरा पडला. त्यांनी खिशात हात घातला. "साहेब!" तालापबेक कडाडले. "ती मदत होईल."

साहेबांचा हात खिशातच राहिला. बूट अखेर फौजदारीणबाईंच्या दारापाशी 'विसरून राहिलेले' निघाले आणि पाहुणी जाताना तिच्या 'चुकून' पायात गेले. असल्या चुका गावात बऱ्याच होत होत्या. तालापबेकांना त्या दिसत असाव्यात, कारण तेवढ्यापुरता ते चष्मा काढून ठेवायचे.

ओयदिनचे दिवस भरत आले तसं डॉक्टर रौशान बाई मेटाकुटीला आल्या. तपासायचं तर कार्ड हवं, कार्डाला नाव हवं. नियमावलीने तोडगा दिला होता की पाहुण्याचं दुखणं यजमानाच्या खाती मांडावं. ओयदिन दर तीन दिवसांनी घर बदलायची, त्यामुळे तिचं गरोदरपण गावभर फिरलं. उलट्या शाळेच्या मुख्याध्यापिकेला झाल्या. रक्त कमी पडलं ते फौजदारीणबाईंना. बाळाचे ठोके ऐकू आले उल्बोसिन आपांना, त्या पंच्याहत्तरीला टेकल्या होत्या. ज्या घरात नुसतेच पुरुष होते तिथे पायाला सूज आली ती लोहाराच्या.

वरून फोन आला. साहेबांनी घाबरत उचलला. तुझबुलाकचा जन्मदर बघता बघता जिल्ह्यात पहिला येऊ घातला आहे, विशेषतः ज्येष्ठ नागरिकांमधला उत्साह बघून वरिष्ठांना समाधान वाटतं, असा तो फोन होता. लोहाराची मात्र खातरजमा करावी, असं शेवटी म्हटलं होतं.

आपा हसल्या नाहीत. ओयदिन त्यांच्याकडे होती तेव्हा त्यांनी काही पाहिलं होतं. पहाटे त्यांना जाग आली, तर पाहुणीची मानाची जागा रिकामी. ती स्वयंपाकघरात परातीत कणीक मळत होती. वाकता येत नव्हतं म्हणून गुडघ्यांवर बसून. मधेच थांबायची, परातीच्या काठावर कपाळ टेकायची, पुन्हा मळायची.

"अगं, हे काय चाललंय?" आपा म्हणाल्या.

"गातेय," ओयदिन म्हणाली.

त्या दिवशी आपा तरातरा कचेरीत आल्या. "ती माझ्याकडेच राहील. बाळंतपण होईपर्यंत. मी नाही विचारत तिला काही, चौथ्या दिवशीही नाही नि चाळिसाव्या दिवशीही नाही."

"न विचारता चौथ्या दिवशी ठेवून घेतलं तर तो पाहुणचार नाही आपा," तालापबेक समजुतीच्या सुरात म्हणाले. "ती मदत. मग वरून माणसं येतील, आणि पहिली तीच पलीकडे जाईल. पोटासकट. पलीकडे तिचं घर नाही, छप्पर नाही, डॉक्टर नाही. मी तिला वाचवतोय, आपा. तुमच्या लक्षात येत नाही एवढंच."

आपांनी साहेबांकडे पाहिलं. साहेब खिडकीबाहेर बर्फ बघत होते. संध्याकाळी ओयदिन गाठोडं घेऊन पुढच्या घरी गेली. तंदूरला नान चिकटवायची गादी तिने बगलेत धरली होती, बाळ असावं तशी.

जानेवारीच्या मध्याला ती खुद्द अकिमसाहेबांच्या घरी आली. आणि नेमका त्याच आठवड्यात परंपरा जतनात पहिलं बक्षीस द्यायला प्रांताहून समिती निघाली. सोबत कॅमेरेवालेही. अकिमीणबाईंनी गालिचे झटकले. ओयदिनने सत्कारासाठी दिवसभर नान भाजले. तिसऱ्या दिवशी भर दुपारी, शेवटची खेप तंदूरमध्ये असताना, तिला कळा सुरू झाल्या. अकिमीणबाईंनी तिला धरून घरी आणलं, मानाच्या जागी आडवं केलं, डॉक्टर रौशानना बोलावलं, साहेबांना बाहेर हाकललं, आणि चहा निवायच्या आत मुलगा झाला. चांगला सणसणीत. पहिलं रडणं असं होतं की गोठ्यातल्या गाईने उत्तर दिलं.

घरात आनंद झाला. साहेब डोळे पुसत आत आले. मागोमाग तालापबेक आले. त्यांनी बाळाकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काळजी पसरली.

"हे कोण?" ते म्हणाले.

"कोण म्हणजे? डोळे फुटले का तुमचे?" अकिमीणबाई म्हणाल्या.

"कायद्याने म्हणतो मी." ते गालिच्यावर बसले. "आगंतुक आला. रिकाम्या हाताने आला. नाव सांगितलेलं नाही. साहेब, हा तर देवाचा पाहुणा! व्याख्येत इतका चोख बसणारा पाहुणा आपल्याला अजून मिळाला नव्हता." ते क्षणभर हरखले, मग पुन्हा गंभीर झाले. "याचे तीन दिवस आज सुरू झाले. आईचे मात्र आज संपले. तिला उद्या उजाडण्याआधी निघावं लागेल, तो परवा निघेल. फार तर तेरवा."

"दूध कुणाचं प्यायचं त्याने?" डॉक्टर रौशाननी विचारलं. त्यांचे हात अजून ओले होते.

"साहेबांकडे गाय आहे."

"तालापबेक," अकिमीणबाई शांतपणे म्हणाल्या, "तुमच्या आईने तुम्हाला गाईकडे दिलं होतं का? नाही, म्हणजे मला आत्ता बऱ्याच गोष्टींचा उलगडा होईल."

"आईने दाराबाहेर जावं आणि परत यावं, नवी पाहुणी म्हणून," साहेबांनी सुचवलं.

"त्याच दारात परत येतो तो पाहुणा नसतो साहेब, तो सोयरा असतो. आणि सोयरा ओळखीचा असतो. ओळखीचा म्हटला की कळवणं आलं."

बाहेर असा गारठा होता की थुंकलं तर खडा पडायचा. ओयदिन भिंतीकडे तोंड करून निजली होती. बाळ तिच्या कुशीत. ती सगळं ऐकत होती. पाहुण्याने यजमानांच्या घरगुती बोलण्यात पडू नये. रात्रभर अकिमीणबाई दाराला पाठ लावून बसल्या, आणि सकाळी उजाडलं तेव्हा ओयदिन त्याच जागी होती. चौथा दिवस लागला होता. तालापबेक नियमावली हातात घेऊन उंबऱ्यावर उभे असतानाच समितीच्या गाड्या आल्या.

खोली भरून गेली. फौजदार, फौजदारीणबाई, डॉक्टर, मुख्याध्यापिका, लोहार, आज्यांचं मंडळ, सगळे यजमान. नोरमत दारापाशी टोपी चुरगाळत उभा. समितीचे मोठे साहेब गलेलठ्ठ, प्रसन्न आणि घाईत होते. नान त्यांना फार आवडला. भिंत त्यांनी येता येता पाहिली होती, तीही आवडली.

"सगळं उत्तम आहे," ते म्हणाले, "फक्त एक त्रुटी राहिली. नियमावली मी वाचली. तीन दिवस न विचारण्याची परंपरा तुम्ही जपलीत, पण चौथ्या दिवशी विचारण्याची? ती कुठे आहे? अर्धी परंपरा जतन करून कसं चालेल? या पाहुणीला आज कितवा दिवस?"

बाळाने जांभई दिली.

"चौथा," अकिमीणबाईंचा धाकटा दीर म्हणून गेला. त्याने शिबिराला दांडी मारली होती.

"वा! म्हणजे आपल्या नशिबाने आलो. कॅमेरा लावा." मोठे साहेब गुडघे टेकून गालिच्यावर बसले. आधी गंमत म्हणून त्यांनी बाळाच्या हनुवटीला बोट लावलं. "काय पाहुणेबुवा, कुठून आलात?"

ओयदिनला हसू आलं. दमलेलं हसू होतं ते. "कुठून येणार तो? इथेच झालाय. या गालिच्यावर."

"आणि तू बाई? कोण, कुठली, नाव काय तुझं?"

कॅमेऱ्याचा लाल दिवा लागला होता. नाव सांगितलं तर ते सगळ्यांना अधिकृतपणे माहीत होणार, संध्याकाळच्या आत कळवलं जाणार, आणि एका दिवसाच्या बाळाला घेऊन तिला पलीकडे जावं लागणार. सांगितलं नाही तर चौथ्या दिवशी उत्तर न देणारा पाहुणा म्हणजे चोर, असं रीत सांगते. नोरमत एक पाऊल पुढे आला आणि थांबला.

ओयदिनने बाळाची दुपटी नीट केली. "माझं नाव या खोलीत सगळ्यांना ठाऊक आहे साहेब," ती म्हणाली. "विचारा की कुणालाही."

मोठे साहेब खोलीभर बघू लागले. सगळ्या नजरा तिच्या कपाळाच्या किंचित वर गेल्या.

"फौजदार?"

"मी नान घेतो साहेब. नाव नाही घेत."

"डॉक्टर?"

"मी ठोके ऐकते," रौशान म्हणाल्या, आणि त्यांना खरोखरचा खोकला लागला.

"अकिम?"

"मी..." सेरिकबोल अकिम म्हणाले. त्यांनी तालापबेकांकडे पाहिलं. तालापबेकांच्या हातात चष्मा होता, आणि त्यांचे हात तो पुसायला विसरले होते. "माझ्या घरी ती पाहुणी आहे, साहेब."

मोठ्या साहेबांनी माझ्याकडेही पाहिलं. मी चहा ओतत होते. कप कधीच भरला होता.

"कमाल आहे!" ते उठायला लागले. "मग कोण आहे ही?"

"ओयदिन," उल्बोसिन आपा म्हणाल्या.

त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. काठी टेकत उठल्या, गालिचा तुडवत आल्या, आणि कॅमेऱ्याच्या आड येऊन उभ्या राहिल्या. आवाज एरवीसारखा चढा नव्हता.

"ओयदिन नाव आहे तिचं. पाहुणी-बिहुणी कुणी नाही ती. पाहुण्याला कुणी पहाटे गुडघ्यांवर बसून कणीक मळायला लावतं का? मीच ही युक्ती सुचवली, मला वाटलं पुण्य लागेल." त्यांनी एकेकाच्या तोंडाकडे बघितलं, आणि या वेळी कुणालाच खोकता आलं नाही. "आपल्याला हिचा नान हवा होता आणि ही नको होती. म्हणून आपण हिला पाहुणी म्हणालो."